दाखल न होता उपचार घेताना

नाशिकरोडची नोकरी सांभाळून तुम्ही बाह्यरुग्ण विभागात उपचार सुरू करत आहात, हे चांगले झाले. मीही याच वाटेने दारूतून बाहेर आलो.

रोज पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता दारू एकदम तोडू नये, कारण शेवटच्या पेल्यानंतर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. पूर्वी कधी आली असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे, म्हणजे आधी काही दिवस दाखल व्हावे का, हे त्यांना ठरवता येते. डायसल्फिरामची गोळी (ती घेतल्यावर दारू प्यायली की खूप त्रास होतो) घरच्यांनी भाजीत चोरून कालवू नये (आमच्याकडे हा सल्ला शेजारीच देतात!); ती रुग्णाला सांगूनच, शेवटच्या पेल्यानंतर किमान 12 तासांनी सुरू करतात आणि अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषधही तिच्याबरोबर चालत नाही.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे बरे वाटू लागताच दारू सोडणाऱ्यांच्या गटाची बैठक बुडवणे. मी पाचव्या आठवड्यात तीच केली आणि पगाराच्या संध्याकाळी सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, बस समोर उभी असताना पाय जुन्या गल्लीकडे वळले. तेव्हापासून पगाराच्या दिवशी पत्नी स्टँडवर येऊन थांबते.

घसरून पुन्हा प्यायलात, तर ती तारीख लपवू नका. व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा 14446 हा क्रमांक आजच मोबाईलमध्ये साठवा. गोळ्यांच्या मात्रेचा विचार तूर्त डॉक्टरांवर सोडा.