शर्यतीच्या तरुण घोड्यांची हाडं का मोडतात? दोन वर्षांच्या वयात पळवणं थांबवलं तर टळेल का?

वयापेक्षा घाई जास्त नडते. तुमचे प्रश्न दोन आहेत: दोन वर्षांच्या घोड्याला पळवूच नये का, आणि कॅल्शियमची पावडर चालू करावी का. मी घोड्यांचा डॉक्टर आहे. या दोन्ही प्रश्नांवर तबेल्यात ठाम मतं ऐकू येतात, पण हाड त्या मतांप्रमाणे वागत नाही.

घोडा धावताना कोसळला की ‘पाय वाकडा पडला’ असं म्हणतात. क्वचित तसं होतंही. पण मोडलेलं हाड तपासलं की बहुतेक वेळा मोडलेल्या जागी जुन्या इजेच्या खुणा सापडतात, बारीक चिरा किंवा नव्या हाडाचा थर. म्हणजे दुखणं आधीपासून मुरत होतं, त्या दिवशी फक्त उघड झालं.

साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा भरधाव सुटला की एका क्षणी सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो, वजनाच्या सुमारे अडीचपट. गुडघ्याखालचं नळीचं हाड हा मार सोसायला समोरच्या बाजूने जाड होत जातं. शिवाय झिजलेला भाग पोखरून काढायचा आणि तिथे नवं हाड भरायचं, अशी डागडुजी आतून सतत चालू असते. पोखरणं आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र महिने लागतात. मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षा कमजोर असतं, आणि नेमकं तेव्हाच घोडा ‘छान दम धरतोय’ म्हणून काम वाढवलं जातं. फुप्फुसं आणि स्नायू हाडाच्या खूप आधी तयार होतात, त्यामुळे वरून पाहणारा फसतो.

वयाबद्दल. शर्यतीच्या थरोब्रेड जातीच्या घोड्यांचा वाढदिवस उत्तर गोलार्धात सरसकट 1 जानेवारीला धरतात, ऑस्ट्रेलियात 1 ऑगस्टला. म्हणजे उत्तरेत मे अखेरीस जन्मलेलं शिंगरू कागदावर दोन वर्षांचं होतं तेव्हा जेमतेम 19 महिन्यांचं असतं. अशाला थांबवायलाच हवं. पण सगळ्यांनाच चार वर्षांचे होईपर्यंत ठाणावर बांधून ठेवलं तर हाड मजबूत होत नाही, उलट पातळ राहतं. दोन वर्षांच्या वयात सुरुवात केलेले घोडे पुढे जास्त काळ पळतात असं बऱ्याच नोंदींत दिसतं. अर्थात मुळात धडधाकट असलेलेच लवकर उतरतात, म्हणून हा निष्कर्ष मी जपूनच घेतो. शिंगरांना मोकळ्या कुरणात हुंदडू देणं याला मात्र पर्याय नाही.

सरावाची पद्धत हा खरा मुद्दा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले डेव्हिड नुनमेकर यांनी नळीच्या समोर येणाऱ्या सुजेवर, म्हणजे ‘बक्ड शिन्स’वर, बरीच वर्षं काम केलं. सावकाश दौडीत हाडावर ताण एका दिशेने पडतो, शर्यतीच्या वेगात दुसऱ्या. महिनोन् महिने नुसती लांब, सावकाश दौड दिली तर हाड त्याच दौडीसाठी घडतं, आणि मग एके दिवशी पूर्ण वेगात सोडलं की नळी सुजते. त्यांचा उपाय असा: सावकाश दौड आवरती घ्या आणि आठवड्यातून एक-दोनदा शेवटचा फर्लांग, म्हणजे सुमारे 200 मीटर, जरा वेगात काढून घ्या. मग हे वेगाचं अंतर आठवड्यागणिक थोडं थोडं वाढवा. ट्रेनरला ही वाढ फारच हळू वाटते. वाटू द्या.

दुसरी धोक्याची वेळ फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: लांबलेल्या विश्रांतीनंतरची. सराव थांबला की हाड आतून पोखरणं जोर धरतं. दोन-तीन महिन्यांनी परतलेला घोडा तजेलदार दिसतो, पण हाड विरळ झालेलं असतं. खांद्याखालच्या हाडाची मोडतोड अशाच काळात जास्त होते. परतलेल्या घोड्याला आधी होता त्या वेगावर थेट नेऊ नका.

इजा सर्वांत आधी मोतद्दाराला कळते. रोज खरारा करताना नळीवरून हात फिरवा. जागा गरम लागली किंवा घोड्याने पाय आखडून घेतला तर त्या दिवशी वेग नाही. वेदनाशामक देऊन काम चालू ठेवणं हा सर्वांत वाईट मार्ग. एक्स-रे स्वच्छ आला तरी निर्धास्त होऊ नका, ताज्या चिरा त्यात बऱ्याचदा दिसत नाहीत. लंगडणं सुरूच असेल तर हाडाचा स्कॅन करून घ्या. हाडाची झीज रोखणारी बिस्फॉस्फोनेट औषधं तरुण घोड्याला नकोत, ती डागडुजीच अडवतात. पुढच्या नालांना टोकाशी उंच पट्टी लावू नका. धावपट्टी कुठे कडक, कुठे भुसभुशीत असेल तर तेवढ्यापुरतं काम हलकं करा.

आता पावडर. आधी खुराक बघा. ओट आणि कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम अगदी कमी. नुसत्या याच खुराकावर घोडा ठेवला तर शरीर हाडातलं कॅल्शियम ओढून घेतं. खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावं. कोंडा कमी करून लसूणघास वाढवला तर बहुतेक वेळा तेवढ्यानेच हिशेब जुळतो. हिशेब जुळत असेल तर वरून पावडर देऊन हाड आणखी मजबूत होत नाही.