धक्का हलका, तरी त्सुनामी कशी?

प्रश्न : २०१२ च्या एप्रिलमध्ये सुमात्राजवळ ८.६ चा भूकंप झाला पण त्सुनामी नावालाच आली, आणि २००६ ला जावाजवळ ७.७ चाच होता तरी सहाशेच्या वर माणसं गेली. मग मॅग्निट्यूडचा उपयोग काय?

उत्तर : उपयोग आहे, पण नुसता आकडा पुरत नाही. त्सुनामी यायला समुद्राचा तळ वर-खाली व्हावा लागतो. २०१२ ला खडक एकमेकांना घासत आडवे सरकले त्यामुळे पाणी फारसं उचललंच गेलं नाही. हे भूकंपाच्या जमिनीतून जाणाऱ्या लाटाच सांगतात, पी-वेव्ह म्हणजे त्यातली सगळ्यात आधी पोचणारी लाट कुठल्या भूकंपमापन स्टेशनवर जमीन वर ढकलत आली आणि कुठे खाली ओढत, ते नकाशावर मांडलं की फॉल्ट (खडकातली भेग) आडवा सरकला की वर चढला ते कळतं.

जावाचं प्रकरण मला जास्त भीतीदायक वाटतं. तिथे समुद्री खंदकाजवळचा (समुद्रतळावरच्या खोल दरीजवळचा) फॉल्टचा उथळ भाग सावकाश फाटत गेला, एरवी फॉल्ट सेकंदाला अडीच-तीन किलोमीटर वेगाने फाटतो, इथे जेमतेम एक-दीड. असं संथ फाटलं की भिंती हलवणाऱ्या भरभर कंपनांच्या लाटा कमी निघतात, म्हणून किनाऱ्यावर कित्येकांना धक्का धड जाणवलाच नाही, बरीचशी ताकद सावकाश हलवणाऱ्या लांब कंपनांच्या लाटांमध्ये होती. १८९६ ला जपानच्या सान्रिकू किनाऱ्यावर हेच झालं, हादरा हलका आणि अर्ध्या तासाने त्सुनामीची लाट, सुमारे २२ हजार लोक गेले! अशा भूकंपांना भूकंपशास्त्रज्ञ हिरू कानामोरींनी १९७२ मध्ये ‘त्सुनामी भूकंप’ म्हटलं.

जुनी सरफेस-वेव्ह मॅग्निट्यूड, म्हणजे जमिनीच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या लाटांवरून काढलेला आकडा, एका हेलकाव्याला २० सेकंद घेणाऱ्या लाटेवर मोजतात, तिला हे संथ सरकणं नीट दिसत नाही. म्हणून आता डब्ल्यू-फेज बघतात, म्हणजे पी-वेव्हच्या मागोमाग, एस-वेव्हच्या (पी-वेव्हनंतर पोचणाऱ्या दुसऱ्या लाटेच्या) आधीच सुरू होणारी, एका हेलकाव्याला १०० ते १००० सेकंद घेणारी मंद लाट. शिवाय फॉल्ट किती सरकला त्या मानाने कंपनांतून एनर्जी किती बाहेर पडली तेही तपासतात, ती फारच कमी निघाली तर धोका.

अडचण वेळेची आहे, कारण लांब लाट मोजायला थांबावंच लागतं. २०११ ला जपानमध्ये तीनेक मिनिटांत ७.९ चा अंदाज निघाला, खरा होता ९.०, आणि पहिल्या इशाऱ्यात लाटांची उंची बरीच कमी सांगितली गेली. फॉल्ट जवळ असेल तर त्सुनामीची पहिली लाट वीस-तीस मिनिटांत, कधी त्याच्याही आधी येते, म्हणून किनाऱ्यावर असताना हादरा कितीही हलका असू दे, मिनिटभर चालूच राहिला तर इशाऱ्याची वाट न बघता सरळ उंचावर निघा.