लोगोची खरी फाइल कुठे आहे?

प्रिय मैत्रिणी,

कंपनीत 12 माणसं होती तेव्हा बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट डिझायनर म्हणून तुझ्या नजरेखालून जायची. आता 80 जण आहेत. सेल्सच्या स्लाइड, एचआरच्या भरतीच्या पोस्ट, कोल्हापूरच्या स्टॉलवरचा फ्लेक्स, सगळं तुला न विचारता तयार होतं आणि तिन्हींतला निळा वेगळा निघतो. लोगो, रंग आणि अक्षरं कशी वापरायची याची, म्हणजे ब्रँडची, नियमपुस्तिका किती पानांची करू, असं तू विचारलंस. आत्ता करूच नकोस. नियम मोडायचे म्हणून कुणी मोडत नाही. पाच मिनिटांत काहीतरी पाठवायचं असतं आणि व्हॉट्सॲपवर आलेला, पांढऱ्या चौकटीतला जेपीजी हाताशी असतो. खरी फाइल त्या जेपीजीच्या आधी सापडेल अशी व्यवस्था लावणं, हेच तुझं पहिलं काम.

पहिला आठवडा नुसता गोळा कर. ॲपचे स्क्रीन, बिलं, ईमेलखालच्या सह्या, व्हिजिटिंग कार्ड, ओळखपत्रं, जाहिराती, सगळ्यांचे प्रिंट काढून एका भिंतीवर लाव. लोगोची किती रूपं आहेत, किती फाँट आहेत, ते मोज. निळ्याच्या छटा मात्र प्रिंटवर मोजू नकोस, मूळ फाइलमधले आकडे बघ. मग संस्थापकांना त्या भिंतीसमोर उभं कर. जी गोष्ट तू दहा बैठकांत सांगशील, ती त्यांना तिथे दोन मिनिटांत कळेल.

लोगोचे तीन प्रकार पुरतात: आडवा, उभा आणि नुसतं चिन्ह. प्रत्येक प्रकार रंगीत, काळा आणि पांढरा. या नऊ रूपांची प्रत्येकी स्क्रीनसाठी एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी), छपाईसाठी पीडीएफ आणि स्लाइड बनवणाऱ्यांसाठी 2000 पिक्सेल रुंद पारदर्शक पीएनजी कर. झाल्या 27 फाइली. फोल्डर एकच, लिंक एकच, आणि ती ऑफिसच्या प्रत्येक ग्रुपमध्ये पिन केलेली. फाइल बदलायची वेळ आली तर ड्राइव्हवर त्याच फाइलची नवी आवृत्ती चढव, म्हणजे लिंक तीच राहते. नावात ‘फायनल’ हा शब्द नको, कारण त्याच्या मागोमाग ‘फायनल-2’ येतंच. अँड्रॉइडच्या आयकॉनचं एक लक्षात ठेव: कॅनव्हास 108 एककांचा असतो, पण फोनची कंपनी तो गोल किंवा चौकोनी कापते. खात्रीने दिसतं ते मधलं 66 एककांचं वर्तुळ. चिन्ह त्यातच बसव.

रंग कमी ठेव. एक मुख्य, एक जोडीचा, चार-पाच करडे, आणि यश व चूक दाखवायला हिरवा आणि लाल. संस्थापकांना आवडलेला तो भडक केशरी (लाल 255, हिरवा 102, निळा 0) बटणावर घेऊन वर पांढरी अक्षरं लिहिलीस तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, जेमतेम 2.9 येतो. सुगम्यतेच्या निकषांत साध्या मजकुराला 4.5 आणि मोठ्या अक्षरांना 3 लागतो. म्हणून केशरी फक्त चित्रांत आणि पट्ट्यांत वापर. कोडमध्ये रंगाला ‘निळा-3’ असं नाव देऊ नकोस, ‘मुख्य बटण’ असं कामावरून दे. उद्या डार्क मोड आला की ‘निळा-3’ निळा उरणार नाही.

आता देवनागरी. इथे मी थोडं रेंगाळणार आहे, कारण तुमचं ॲप मराठीत आहे आणि बहुतेक ब्रँड नेमके इथेच विस्कटतात. इंग्रजी फाँट आधी ठरतो आणि मराठीला फोनमध्ये असेल तो मिळतो. दोन्ही लिप्या एकत्र आखलेलं कुटुंब निवड: मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता, नाहीतर इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स. तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत. मुक्ताला सात वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत. तू दोनच घे, रेग्युलर आणि सेमीबोल्ड. फार जाड वजनात क्ष, ज्ञ, द्ध यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात. निवडण्याआधी प्रत्येक फाँटमध्ये हे वाक्य लिहून बघ: ‘दुसऱ्या ॲपमधली शिल्लक ₹1,200 केव्हा मिळाली?’ त्यात मराठी ऱ्य आहे, ळ आहे, रुपयाचं चिन्ह आहे. ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, 2008 मध्ये आला, त्यामुळे जुन्या फाँटांत तो नसतो आणि तेवढं एकच अक्षर दुसऱ्या फाँटातून उचललं जातं. ल आणि श हिंदी वळणाचे दिसले तर पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी नोंदवली आहे का ते आधी बघ. पुष्कळ फाँटांत मराठी वळण असतं, पण भाषा सांगितल्याशिवाय ते जागं होत नाही.

ओळींमधलं अंतर इंग्रजीला अक्षराच्या आकाराच्या 1.4 पट चालतं. देवनागरीला 1.6 ते 1.7 ठेव, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. आणि इंग्रजी मथळ्यांसारखी अक्षरं कधीही फाकवू नकोस, शिरोरेघ तुटते. तुटलेली शिरोरेघ मला फाटक्या बाहीसारखी दिसते.

छपाईत घोळ हमखास होतो. प्रेसमध्ये काम कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर चालतं, अनेकदा युनिकोडपूर्व फाँटांत. तू पाठवलेल्या मजकुराच्या वेलांट्या तिथे सरकतात, मग ऑपरेटर तो पुन्हा टाइप करतो आणि शुद्धलेखनाच्या चुका फुकट मिळतात. म्हणून अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे मजकुराची आकृती करूनच, पीडीएफ दे, चारही बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कडा) ठेव, आणि बारीक काळा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेव. रंगीत छपाईच्या चार शाया एकमेकींवर आल्या की जराशा सरकण्यानेही अक्षराला रंगीत कडा येते. स्क्रीनवरचा झळझळीत निळा चार शायांत उतरतच नाही, तो मळकट होतो. छपाईसाठी त्याचा वेगळा आकडा ठरव, कार्डांसाठी पँटोन नंबर (ठरलेल्या तयार शाईचा) दे, आणि फ्लेक्सवाल्याकडून आधी एक फुटाची पट्टी छापून घे.

टेम्प्लेट लोक जिथे काम करतात तिथेच कर. सेल्सवाले फिग्मासारखं डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडणार नाहीत, त्यांना गूगल स्लाइड्स दे. 12 स्लाइडचा साचा पुरे, पण त्यात किमतीचा तक्ता आणि ग्राहकांच्या लोगोंची स्लाइड असलीच पाहिजे, कारण मोडतोड तिथेच होते. एचआरला भरतीच्या पोस्टचा 1080 बाय 1350 चा साचा दे, ज्यात फक्त पदाचं नाव आणि गाव बदलता येईल.

प्रत्येक शहराला आपला वेगळा रंग हवा, अशी मागणी लवकरच येईल. उबरने 2016 मध्ये जुनं यू टाकून नवं चिन्ह आणलं, देशोदेशी वेगळे रंग आणि नक्ष्या दिल्या. चिन्हात नावाचा मागमूस नव्हता. 2018 मध्ये ते साध्या अक्षरांत लिहिलेल्या नावावर परतले. शहरांना छायाचित्रं आणि बोलीतले शब्द मोकळे सोड. रंग आणि अक्षर देऊ नकोस.

मंजुरी सगळ्याची मागू नकोस, तुझ्याच टेबलावर रांग लागेल. दोनच गोष्टी तुझ्याकडून जाऊ देत: पैसे देऊन छापायच्या आणि सहा महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या. बाकीच्यांसाठी आठवड्यातला एक तास ठरव, ज्याला विचारायचं त्याने तेव्हा यावं. एकच चूक तीनदा दिसली तर माणसाला बोलू नकोस, साचा दुरुस्त कर.

नव्या ऑफिसची पाटी पुढच्या महिन्यात आहे ना? कर्व्ह केलेली पीडीएफ प्रेसला जाण्याआधी मला पाठव. ऱ्य आणि ॲ मी डोळ्यांखालून घालेन.