मुलगी सिस्टर व्हायचे म्हणते, तिला अडवावे का?

बेळगाव आणि खानापूर भागातील कॅथलिक कुटुंबांकडून एक प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वरचेवर येतो. शिकलेली, कमावती मुलगी लग्नाचा विचार सोडून कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे सिस्टरांच्या (ख्रिस्ती धर्मभगिनींच्या) मठात जायचे म्हणते. ती कशापासून तरी पळत आहे का, आणि एकदा आत गेली की ती घराला कायमची तुटेल का? या भागात सिस्टर अनोळखी नाहीत. शाळा, दवाखाना, वसतिगृह यांच्या निमित्ताने हिंदू घरांतही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र हा आदर बहुतेक वेळा दुसऱ्याच्या मुलीसाठी राखलेला असतो. मी स्वतः ख्रिस्ती नाही, त्यामुळे या जीवनाचे नियम मी परिचयातील धर्मगुरूंकडून समजून घेतले आहेत. पुढील प्रसंग कुटुंबाच्या संमतीने, नावे व ओळखीचे तपशील बदलून लिहीत आहे.

अनिता तेवीस वर्षांची, नर्सिंगचे शिक्षण पूर्ण करून बेळगावच्या एका रुग्णालयात नोकरी करणारी. वडील उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला, आई घरी, मोठा भाऊ गोव्यात. वडिलांनी पहिल्याच भेटीत सगळे एका दमात सांगून टाकले. आदल्या वर्षी अनिताचे जमत आलेले लग्न देण्याघेण्यावरून मोडले होते आणि त्यानंतर काही महिन्यांतच तिने हा विषय काढला होता. "लोक काय म्हणतील मॅडम? हुंडा द्यायला जमलं नाही म्हणून पोरगी मठात टाकली, हेच म्हणतील की." शिवाय सिस्टरांची बदली कुठेही होते, मराठीत शिकलेली मुलगी उद्या एखाद्या परक्या मुलखात गेली तर तिचे कोण, हीसुद्धा त्यांची काळजी होती. आई काही बोलली नाही.

अशा मुलीला "तुला सिस्टर का व्हायचे आहे?" असे मी सुरुवातीला विचारत नाही. या प्रश्नाची उत्तरे पाठ असतात आणि ती खरीही असू शकतात. पण त्यांतून फारसे काही कळत नाही. मी तिला कॉन्व्हेंटमधला एखादा साधा, सणवार नसलेला दिवस सांगायला लावते. अनिता एका मठात काही दिवस राहून आली होती. पहाटेची घंटा, मौन प्रार्थना, मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासनाविधी), मग दवाखाना, संध्याकाळी जपमाळ, हे तिने थोडक्यात सांगितले आणि नंतर स्वयंपाकघरातल्या एका प्रसंगावर ती बराच वेळ बोलत राहिली. गवारीच्या शेंगा मोडताना तिने शिरा नीट काढल्या नाहीत म्हणून एका वयस्कर सिस्टरनी तिला सर्वांसमोर झापले होते, आणि तिने मोडलेली सगळी गवार पुन्हा निवडायला बसवले होते. बसच्या भाड्यासाठीसुद्धा वरिष्ठ सिस्टरांकडे पैसे मागावे लागतात, हे तिला सर्वांत जड वाटले होते. "पहिल्या पगारापासून मी कुणाकडे हात पसरलेला नाही," असे ती म्हणाली. हे ऐकून माझी काळजी बरीच कमी झाली. पळून जाणाऱ्या माणसाला आसऱ्याच्या जागेतली अशी उणीव सहसा दिसत नाही.

मोडलेल्या लग्नाचा प्रश्न मात्र शिल्लक होता. ते लग्न झाले असते तर, असे मी विचारले तेव्हा ती लगेच काही बोलली नाही. पुढच्या भेटीत तिने आपणहून सांगितले की लग्न ठरले असते तर तिने ते केले असते आणि कदाचित सुखाने संसारही केला असता; मुलाकडच्या मंडळींचा राग मात्र अजून गेलेला नाही. मला हे उत्तर महत्त्वाचे वाटले, कारण संसाराला कमी लेखून मठात जाऊ पाहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्याबाबत मी अधिक सावध असते. राग असणे हा काही दोष नव्हे, पण रागाच्या भरात आयुष्याचा निर्णय पक्का करू नये, एवढेच मी तिला सांगितले. तिची झोप, भूक, कामातले लक्ष यांची मी चौकशी केली. त्यांत बिघाड आढळला असता, तर मठाचा विषय बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले असते.

एकदा आत गेली की संपले, असे वडील धरून चालले होते. वस्तुस्थिती अशी की कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मकायद्याने हा रस्ता मुद्दाम लांबचा ठेवला आहे. प्राथमिक परिचयाच्या काळानंतर नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांपूर्वीचे प्रशिक्षण, किमान १२ महिन्यांचे असते आणि १७ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय त्यात प्रवेश मिळत नाही. त्या काळात मुलगी केव्हाही घरी परतू शकते. त्यानंतर निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रते प्रथम ठरावीक मुदतीसाठी घेतली जातात. ही मुदत सर्वसाधारणपणे ३ ते ६ वर्षांची असते आणि ती संपल्यावर बाहेर पडण्याची मोकळीक असते. अखेरची व्रते त्यानंतर येतात. ती घेतल्यावर बाहेर पडायचे झाल्यास संस्थेच्या प्रकारानुसार रोमची किंवा बिशपांची परवानगी लागते. जबरदस्ती, भीती किंवा फसवणूक यांमुळे झालेला प्रवेश कायद्याने ग्राह्यच धरला जात नाही. हे सगळे वडिलांनी मान खाली घालून ऐकले आणि मग विचारले, "म्हणजे आम्ही जबरदस्तीनं थांबवलं, तर ते चालतं होय?" प्रश्न रास्त होता. सज्ञान मुलीला घरी डांबून ठेवण्याचा अधिकार त्यांना नाही, पण आपले मत तिच्यासमोर स्पष्ट मांडण्याचा आहे, असे मी म्हणाले.

चर्चमधल्या कोणी तरी अनिताच्या वडिलांना फ्रान्समधील लिझ्यूच्या संत तेरेजाच्या वडिलांचा दाखला दिला होता. तेरेजा १८८८ मध्ये वयाच्या अवघ्या १५ व्या वर्षी कार्मेल मठात गेली, तिच्या चारही बहिणी धर्मभगिनी झाल्या आणि तिच्या आईवडिलांना २०१५ मध्ये संतपद मिळाले, हे सगळे खरे आहे. पण गोंधळलेल्या बापापुढे संतांचा आदर्श ठेवणे मला निर्दयपणाचे वाटते. अनिताचे वडील तो दाखला ऐकून अधिकच चिडले होते, आणि त्यात त्यांचे फारसे चुकले नव्हते.

खरी अडचण पुढे आईच्या तोंडून बाहेर आली. घरासाठी पतसंस्थेकडून काढलेल्या कर्जाचे हप्ते अनिताच्या पगारातून जात होते. निर्धनतेच्या व्रतानंतर सिस्टरची कमाई तिच्या संस्थेची होते, ती घरी पाठवता येत नाही. पहिल्या व्रतांपूर्वी तिने स्वतःच्या मालमत्तेची व्यवस्था दुसऱ्याकडे सोपवायची असते आणि अखेरच्या व्रतांपूर्वी मृत्युपत्र करायचे असते. पैशांचे हे बोलणे घरात कोणालाच उघडपणे करता आले नव्हते; त्यामुळे धर्म, लोकापवाद, बदली या सगळ्या विषयांवर भांडण होत होते आणि हप्त्याचा उल्लेख होत नव्हता. माझ्या अनुभवात असे अनेकदा घडते. मी भावालाही बोलावले. कर्जाचा ठरावीक भाग फिटेपर्यंत अनिताने नोकरी करावी, दरम्यान मठाशी संपर्क ठेवावा आणि पुढचे हप्ते भावाने उचलावेत, असे अनिता, भाऊ आणि आईवडील यांनी मिळून ठरवले. अनिताला हा उशीर आवडला नाही, पण तिने तो मान्य केला.

मधल्या काळात मठाकडून तिच्याविषयी माझे मत मागवले गेले. उमेदवाराची मानसिक परिपक्वता तपासण्यासाठी तज्ज्ञांचे मत घेण्याची मुभा धर्मकायद्यात आहे, पण त्याच कायद्यात तिच्या खासगीपणाचा हक्कही राखलेला आहे. म्हणून अनिताची लेखी संमती घेऊन, तिला आधी वाचायला देऊन, मी मोजके मत कळवले. मोडलेल्या लग्नाचा तपशील सांगायचा की नाही, हे मी तिच्यावर सोडले.

घरी येण्याची मोकळीक, आईवडिलांच्या आजारपणातील रजा, फोन यांविषयीचे नियम प्रत्येक संस्थेचे वेगळे असतात. ते प्रवेशापूर्वी वरिष्ठ सिस्टरांना समोर बसून विचारावेत, असा माझा आग्रह असतो. आईने ते विचारले आणि मिळालेल्या उत्तरांनी तिचे बऱ्यापैकी समाधान झाले. अनिता आता प्राथमिक टप्प्यात मठात राहते. वडील अजून विरोधातच आहेत, मात्र नातेवाइकांनी विचारले तर "तिनं ठरवलंय, तिलाच विचारा" एवढेच सांगतात.

अलीकडे आईने विचारले की अनिताच्या लग्नासाठी केलेल्या पाटल्या मोडून टाकाव्यात का. अखेरची व्रते होईपर्यंत त्या ठेवाव्यात, पण "तुझ्या पाटल्या ठेवल्यात बरं का" असे दर भेटीत मुलीला ऐकवू नये, असे मी सांगितले. त्यावर, नुसत्या ठेवण्यापेक्षा त्या गहाण टाकून पतसंस्थेचे दोन हप्ते तरी भागवू, असे वडिलांनी सुचवले आहे, आणि त्यांचा तो वाद अजून चालू आहे.