१५ मेचा कागद आणि स्टालिनचा 'इरादा': एका पोळलेल्याचं उत्तर

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. तुमच्यावर नाही, वीस वर्षांपूर्वीच्या माझ्यावर. व्याख्यानमालेत 'बार्बारोसा'वर, म्हणजे २२ जून १९४१ला हिटलरने सोव्हिएत रशियावर केलेल्या हल्ल्यावर बोलायचंय, सोव्हिएत सेनाप्रमुख झुकोव्हचा १५ मे १९४१चा आराखडा सापडलाय, तर 'हल्ला खरं म्हणजे स्टालिनच करणार होता, हिटलरने फक्त आधी डाव साधला' असं ठामपणे मांडता येईल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नका मांडू. (मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, हौशी वाचक आहे. चूभूद्याघ्या.)

कोणते सैन्यगट, कुठून घुसले, हे तुम्हाला पाठ असणारच. ते सोडून देतो.

कागद खरा आहे. सेनामुख्यालयातला अधिकारी वासिलेव्स्कीच्या हस्ताक्षरात, संरक्षणमंत्री तिमोशेन्को आणि झुकोव्ह यांच्या नावाने, स्टालिनला उद्देशून. जर्मन फौजांची जमवाजमव पुरी होण्याआधीच त्यांच्यावर तुटून पडावं, १५२ डिव्हिजन (सैन्याच्या मोठ्या तुकड्या) घालून सुमारे १०० जर्मन डिव्हिजनचा चुराडा करावा, असा प्रस्ताव. मी त्यावर एका दिवाळी अंकात लेख लिहिला आणि त्याच जोरावर एका गावी व्याख्यान ठोकलं. कागद असा काही रंगवला की सभागृह चिडीचूप. मग प्रश्नोत्तरात शेवटच्या रांगेतून एक वयस्क गृहस्थ उठले. रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले, हे नंतर कळलं. म्हणाले, "सही कोणाची आहे त्याच्यावर?"

सही कोणाचीच नाही. झुकोव्हची नाही, तिमोशेन्कोची नाही, स्टालिनचा शेराही नाही. मी चाचरत तसं सांगितलं. गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे त्याला कच्चं टिपण म्हणायचे." आणि खाली बसले. पुढची दहा मिनिटं मी काय बोललो ते मला आठवत नाही, आठवायचंही नाही.

पण सहीचं एक वेळ निभावून नेता आलं असतं. खरी घोडचूक त्याच्या मागची होती. मी तारखा एकाखाली एक लिहूनच पाहिल्या नव्हत्या! रशिया १९४१च्या वसंतात संपवायचा, हे हिटलरने बर्गहोफ या आपल्या डोंगरातल्या बंगल्यावर आपल्या सेनाधिकाऱ्यांना सांगितलं ३१ जुलै १९४०ला. हल्ल्याच्या तयारीचा लेखी हुकूम, निर्देश क्रमांक २१, निघाला १८ डिसेंबर १९४०ला. आणि माझा लाडका कागद मे १९४१चा. म्हणजे जो कागद अजून कोणी लिहिलाच नव्हता, त्याच्या धास्तीने हिटलरने साडेनऊ महिने आधी निर्णय घेतला, असं मी छापून मोकळा झालो होतो. उलट तो कागद वाचला तर कळतं की धास्ती झुकोव्हला होती. जर्मन सैन्य समोर उभं राहताना दिसतंय, ते आपल्याला गाठणार, म्हणून आपणच आधी उठू या, असा त्याचा सूर आहे.

जर्मनांना स्वतःला रशियन हल्ल्याची भीती होती का? ऑगस्ट १९४०मध्ये जनरल मार्क्सने मोहिमेचा पहिला आराखडा केला. त्यात त्याने लिहिलंय की रशियन आपल्यावर हल्ला करण्याचे उपकार काही करणार नाहीत. उपकार! म्हणजे त्यांनी चाल केली असती तर सीमेवरच आयते सापडले असते, असा हिशेब. 'आम्ही स्वसंरक्षणासाठी आधी घुसलो' हे कारण जर्मन सरकारने २२ जूनला जगाला दिलं, आणि साठेक वर्षांनी मी तेच 'नवा प्रकाश' म्हणून विकत होतो.

आता याचा अर्थ स्टालिन गरीब गाय होता असा कोणी काढू नये. फिनलंडवर केलेला हल्ला, गिळलेले बाल्टिक देश, रुमानियाकडून घेतलेला बेसारेबिया, सगळं डोळ्यांसमोर आहे. लाल सैन्याची शिकवणच चढाईची होती. त्या उन्हाळ्यात प्रशिक्षणाच्या नावाखाली सुमारे ८ लाख राखीव सैनिक बोलावले होते. पुढेमागे त्याने जर्मनीशी युद्ध केलंच नसतं, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण जून १९४१मधलं त्याचं वागणं बघा. १७ जूनला बर्लिनमधल्या हेराची सावधगिरीची खबर आली, तर त्यावर त्याने आईवरून शिवी लिहिली. २१ जूनच्या रात्री सीमेवर पाठवलेल्या आदेशात 'चिथावणीला बळी पडू नका' असं बजावलेलं. रशियन मालाच्या गाड्या तर शेवटच्या रात्रीपर्यंत जर्मनीकडे जात होत्या. पंधरा दिवसांत हल्ला करणारा माणूस शत्रूला धान्य पोचवत बसेल का, हे तुम्हीच ठरवा.

या तारखा मला आधी का दिसल्या नाहीत? त्याचं अर्धं श्रेय एका ग्रंथालयाला. नाव घेत नाही. जर्मन परराष्ट्र खात्याच्या दस्तऐवजांचे खंड तिथे होते, पण कपाटात कुलूपबंद. विभागप्रमुखांचं पत्र आणा म्हणाले. आणलं. तर शिक्का गोल हवा, हा चौकोनी आहे. गोल शिक्का घेऊन गेलो तर किल्लीवाले साहेब रजेवर. खंड हातात पडला तेव्हा अंक बाजारात येऊन लोकांचा फराळही संपला होता. सगळाच दोष त्यांचा नाही, अंकाच्या तारखेपुढे मीच घाई केली. पण तो शिक्का मी अजून विसरलेलो नाही.

त्याच खंडात नोव्हेंबर १९४०मधली सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोतोव्हची बर्लिनभेट आहे. ती जरूर वापरा, आपल्याकडच्या श्रोत्यांचे कान टवकारतात. जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप त्याला सुचवत होता की तुम्ही दक्षिणेकडे, हिंदी महासागराच्या दिशेने पसरा. आपल्याला, हिंदुस्थानला, कोणी विचारलंही नव्हतं! मोलोतोव्ह मात्र पुन्हा पुन्हा फिनलंड, रुमानिया, बल्गेरियावरच येत राहिला. २५ नोव्हेंबरला मॉस्कोने अटींसह उत्तर दिलं, त्यावर बर्लिनने कधीच उत्तर दिलं नाही. तीनच आठवड्यांनी निर्देश क्रमांक २१ निघाला.

अवांतर: जर्मन जनरलांच्या आठवणी संदर्भ म्हणून धरणार असाल तर जपून. 'ऑगस्टमध्ये हिटलरने सैन्य कीवकडे वळवलं नसतं तर मॉस्को पडलंच असतं' हे त्यांचं आवडतं पालुपद. कीवभोवती सहा लाखांवर रशियन सैन्य बगलेत ठेवून मॉस्कोकडे कसं जाणार होते, रूळ रशियन गेजचे बदलत बदलत रसद कशी पोचणार होती, हे ते फारसं सांगत नाहीत. युद्धकैद्यांचं काय केलं ते तर नाहीच. त्यापेक्षा जर्मन लष्कराचा तेव्हाचा सेनाप्रमुख हाल्डरची त्या काळातली रोजनिशी बरी. ३ जुलैला तो लिहितो, मोहीम दोन आठवड्यांत जिंकली म्हणायला हरकत नाही. ११ ऑगस्टला लिहितो, रशियाच्या २०० डिव्हिजन धरल्या होत्या, ३६० मोजून झाल्या. हाच हाल्डर युद्धानंतर अमेरिकन सैन्यासाठी इतिहास लिहून घेत होता, तेव्हा त्याचं नंतरचं बोलणंही जपूनच घ्या.

आणि नकाशा लावणार असाल तर जून १९४१च्या सीमेचा लावा. मी लावलेल्यात ल्वूव्ह शहर पोलंडमध्ये होतं, जे १९३९मध्येच सोव्हिएतांनी घेतलं होतं. ही चूक मात्र त्या रेल्वेवाल्या गृहस्थांनी चारचौघांत काढली नाही, नंतर चहाच्या कपासोबत हळूच सांगितली.