१:३५ डायोरामासाठी (खऱ्यापेक्षा ३५ पट लहान वस्तूंचा देखावा) गंजलेले पत्रे, पिंपं, ताडपत्री घरच्या टाकाऊ वस्तूंपासून कशी करायची?

आधी मोजमाप. २०० लिटरचं पिंप खऱ्यात साधारण ८८ सेंमी उंच असतं, म्हणजे १:३५ मध्ये अडीच सेंमी. तेवढ्या उंचीची, पावणेदोन सेंमी जाडीची कागदाची गुंडाळी पुरते. पन्हाळी पत्र्यासाठी ॲल्युमिनियम फॉइल बारीक दात्यांच्या कंगव्यावर ठेवून बोटाने दाबा. ताडपत्री म्हणजे पांढऱ्या गोंदाच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू पेपर. ओला असतानाच सामानावर टाका, चुण्या आपोआप पडतात.

खरी गंमत गंजात आहे. आधी गडद तपकिरी रंग द्या. मग भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि कडांवर हलकेच टिपा. त्यावर नारिंगी खडूची पूड, पण फक्त पाणी साचेल अशा जागी आणि तिथून खाली उतरणाऱ्या ओघळांत. सगळीकडे सारखा गंज खोटा दिसतो. बहुतेक जण इथेच हात सैल सोडतात.

आइस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्या जुनाट करायला भांडी घासायचा लोखंडी काथ्या दोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा आणि मग ते व्हिनेगर फळ्यांना लावा. बाटलीचं झाकण सैलच ठेवा, आत वायू तयार होतो. लाकडाला आधी कोरा चहा लावलात तर करडा रंग जास्त गडद येतो.