‘ही गो’ म्हणणारी लेक आणि एक होता राजा

या वेळी इंग्रजीबद्दल आलेले बहुतेक प्रश्न आठ वर्षांच्या आतल्या मुलांच्या पालकांचे आहेत. ‘घरी इंग्रजीचं व्याकरण कसं घ्यावं?’ असा ऐसपैस प्रश्न विचारणारेही आहेत, पण नेमक्या वाक्यावर बोट ठेवणारे प्रश्न मला जास्त आवडतात. तेच घेते.

प्रश्न : मुलगी दुसरीत, मराठी माध्यमात. ‘ही गोज’ असं शंभरदा सांगितलं तरी तोंडात ‘ही गो’च येतं. मी रोज टोकते, ती रोज विसरते. (आई, विश्रामबाग)

उत्तर : आधी टोकणं बंद करा. ज्यांच्या घरात इंग्रजीच बोलतात, त्या मुलांनाही हा ‘एस’ उशिरा बसतो. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी तीन मुलांच्या बोलण्याच्या नोंदी ठेवून १९७३ मध्ये त्यांचा अभ्यास मांडला. त्यात ‘गोइंग’मधलं ‘इंग’ सगळ्यात लवकर आलं, अनेकवचनाचा ‘एस’ त्यामागून आणि ‘गोज’मधला ‘एस’ बराच नंतर.

त्यात आपली मराठी. मी जाते, तू जातेस, तो जातो, ते जातात. ज्याला त्याला वेगळं शेपूट. इंग्रजीत मात्र आय गो, यू गो, वी गो, दे गो असं सरसकट एकच, आणि मधेच एकट्या ही-शीला ‘एस’. पोरीला वाटतं, या भाषेत शेपटं नसतातच.

आता घरात काय होतं ते बघा. सराव म्हणून आपण विचारतो, ‘व्हॉट डज बाबा ड्रिंक?’ या प्रश्नात ‘ड्रिंक’ बोडकंच आहे, त्याचा ‘एस’ ‘डज’नं पळवलाय. मूल कानावर पडलेलंच उचलतं आणि म्हणतं, ‘बाबा ड्रिंक टी.’ म्हणजे चूक आपणच पुरवली! म्हणून प्रश्न विचारू नका, खोटं बोला. ‘बाबा ड्रिंक्स मिल्क!’ असं ठासून म्हणा. ती ओरडेल, ‘नो! बाबा ड्रिंक्स टी!’ मग ‘आजी ईट्स भडंग विथ शुगर!’ यावर तर ती उडीच मारेल. ‘एस’ तुम्ही नुकताच तिच्या कानात घातलेला असतो, म्हणून तो तोंडातून बाहेर पडतो. जेवताना पाच मिनिटं पुरे. तरीही चुकली, तर बरोबर वाक्य आपण सहज म्हणायचं आणि पुढचा घास घ्यायचा.

प्रश्न : पाच वर्षांचा मुलगा ‘आय गोड’, ‘आय ईटेड’ म्हणतो. शाळेत चुकीचं शिकवतात का? (मिरज)

उत्तर : नाही हो. ‘ईटेड’ त्याला कुणी शिकवलेलं नाही, नियम त्यानं स्वतः शोधलाय. १९५८ मध्ये भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी मुलांना पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं आणि त्याचं नाव ‘वग’ सांगितलं. मग दोन दाखवले. शब्द आयुष्यात कधी ऐकलेला नसताना मुलं ‘वग्ज’ म्हणाली. तुमच्या मुलानंही कधी ‘मी चित्र करलं’ म्हटलं असेल, आणि त्याचं ‘केलं’ कधी झालं ते तुम्हाला कळलंही नसेल. गोष्टी वाचून दाखवत राहा. त्या बहुधा भूतकाळातच असतात.

प्रश्न : ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ कसं समजावू? मराठीत असलं काही नाहीच. (आई, पलूस)

उत्तर : आहे की, थोडंसं. ‘एक होता राजा. राजाला दोन राण्या.’ पहिल्या वाक्यात ‘एक’ आहे, दुसऱ्यात गेला. कारण राजाची ओळख झाली. इंग्रजीत पहिल्यांदा ‘अ किंग’ आणि ओळख झाल्यावर ‘द किंग’. पुढची गोष्ट सांगताना मुलाला एवढंच विचारा, ‘हा कोल्हा नवा की ओळखीचा?’ सूर्य तर जन्मापासून ओळखीचा, म्हणून ‘द सन’.

‘अ’ की ‘ॲन’ हे ठरवायला आपल्याकडे इंग्रजांकडे नसलेली सोय आहे, देवनागरी. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘अ’. तास या अर्थाचा ‘अवर’ इंग्रजीत ‘एच’नं लिहितात, पण देवनागरीत ‘अ’ दिसतो, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिव्हर्सिटी’ला ‘य’, म्हणून ‘अ’. ‘वन-रुपी कॉइन’ला ‘व’, म्हणून ‘अ’. फक्त ‘एम. ए.’ला ‘यम. ए.’ म्हणायची सवय असेल, तर तेवढी सोडा!

प्रश्न : नातू पहिलीत. काळांचा तक्ता करून भिंतीवर लावू का? आम्ही तसंच शिकलो. (आजोबा, सांगलीवाडी)

उत्तर : आजोबा, आपल्याला इंग्रजी पाचवीत भेटली. राज्यात ती पहिलीपासून आली २००० साली. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला तक्ता कळतो, सहा वर्षांच्याला तो भिंतीवरचं कॅलेंडर वाटतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी लहान वर्गाकडून नामाची व्याख्या घोकून घेतली होती. मग हळदीच्या व्यापाऱ्याच्या मुलीला विचारलं, ‘टर्मरिक’ नाम आहे का? ती म्हणाली, ‘नाही मॅडम, ती पिवळी आहे.’ व्याख्या तिला तोंडपाठ होती.

तक्ता जपून ठेवा, चार वर्षांनी कामाला येईल. सध्या दोनच गोष्टी करा. नातू काही करत असताना त्याचं धावतं वर्णन करा, ‘यू आर टाइंग युवर शू’, आणि रात्री दिवसभराचं सांगा, ‘वी वेन्ट टू द रिव्हर’. एक खोड मात्र आपल्या पिढीची आहे, ‘आय हॅव’ऐवजी ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणण्याची. तेवढी नातवाला देऊ नका.

प्रश्न : माझंच इंग्रजी कच्चं. मी बोललो तर मुलगा चुकीचं शिकेल ना? (द्राक्ष बागायतदार, तासगाव)

उत्तर : मोठी वाक्यं नकोच, जागा सांगणारे शब्द घ्या. मराठीत ‘-त’, ‘-वर’, ‘-खाली’ नामाच्या मागे चिकटतात, इंग्रजीत पुढे येतात. डब्यात म्हणजे ‘इन द बॉक्स’. मूठभर बेदाणे घ्या, लपवा आणि शोधायला लावा. मधेच आपला ‘वर’ फसवतो. बेदाणा टेबलाला टेकलेला असेल तर ‘ऑन’, दोऱ्यानं टेबलाच्या वर लोंबत असेल तर ‘अबव्ह’. सापडलेला बेदाणा त्याचा. हे शिकवायला तुमचं इंग्रजी पुरेसं आहे.

प्रश्न : ‘त्याची बहीण’चं लेक हमखास ‘हर सिस्टर’ करते. का? (जत)

उत्तर : ‘ची’ ऐकू येते म्हणून. मराठीत ‘त्या’ मालकाचा आणि ‘ची’ बहिणीची. इंग्रजी फक्त मालकाकडे बघते. ‘बहीण कुणाची?’ एवढंच विचारा. ‘त्याची’ म्हणाली की ‘हिज’.